सात घरची गोधडी

१९ फेब्रुवारी १९५१, सोमवार

आज दोर सुटला. आळीच्या तोंडाशी दोन बांबूंना बांधलेला काथ्याचा दोर मी अठ्ठावीस दिवस रोज बघत होतो. सकाळी एक शिपाई आला, त्याने विळ्याने दोर कापला, गुंडाळून काखेत मारला आणि विडी पेटवून चालता झाला. मला वाटलं होतं कोणी काहीतरी वाचून दाखवेल, निदान आमच्या घराचं नाव तरी घेईल. काही नाही.

आमच्या घरात बाळाला देवी आल्या होत्या. बाळा म्हणजे रघूदादाचा मुलगा, चार वर्षांचा. टोचायला देवी डॉक्टर मोरिवलीत आला होता, तेव्हा आईने बाळाला भाताच्या कणगीत लपवून वर सूप झाकलं होतं. मी शाळेत असताना टोचून घेतलं, माझ्या दंडावर दोन वण आहेत. बाळाला आता तोंडभर आहेत. पण वाचला. खपल्या पडल्या, न्हाऊ घातलं, आणि आज तो कोंबड्यांमागे धावत होता.

चावडीवर नवा हुकूम लागला. सातवी पास म्हणून गावाने मलाच वाचायला लावला. दंडावर वण असलेल्यांनी कामावर जायला हरकत नाही. बाजार दहा वाजेपर्यंत. बाहेरच्या माणसाला गावात बंदी. परगावी जायचं तर दाखला. शाळा बंद, शिवरात्रीची जत्रा बंद. अंथरूण-पांघरूण व वापरलेले कपडे गावाबाहेर नेऊ नयेत. मी मोठ्याने, थांबून थांबून वाचलं. लोकांना जत्रेचं तेवढं ऐकू गेलं.

मग दिवसभर कामं केली. दाढी केली, महिनाभराची. रॉकेल आणलं. वहाणेचा अंगठा शिवून घेतला. संध्याकाळी आईने महिन्याभरात पहिल्यांदा फोडणी घातली. देवी घरात असेपर्यंत तेलाचा चर्र आवाजसुद्धा चालत नाही. लसणाचा वास आला आणि वहिनी चुलीपाशी बसून रडली. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

दारावर इन्स्पेक्टरने चुन्याने काढलेली फुली तशीच आहे. दादा पुसायला गेला तर आई म्हणाली, "र्‍हाऊ दे. देवी येऊन गेली, त्याची खूण हाय."

२१ फेब्रुवारी, बुधवार

धाकलू भावोजी आले होते. आले म्हणजे वालधुनी नदीच्या पलीकडे उभे राहिले, कारण त्यांना गावात यायची बंदी आणि मला अजून दाखला नाही. मधे पाणी घोट्याएवढं. तरी दोघेही आपापल्या काठावरून ओरडत होतो आणि धुणं धुणार्‍या बायका हात थांबवून ऐकत होत्या.

"पोरी झाली वो, भगवंतदादा! दहा दिस झालं! चिमी बरी हाय!"

चिमी माझी धाकटी बहीण. बारवी नदीच्या वरच्या अंगाला करवंदवाडी नावाचा बारा घरांचा पाडा आहे, तिथे दिली. बाळंतपणाला ती इकडेच येणार होती. देवी आल्या आणि ते राहिलं. तिची पहिली दोन मुलं गेली, एक अकराव्या दिवशी आणि एक महिन्याचं होऊन. ही तिसरी. भावोजींनी बारशाचं सांगितलं, अकरा मार्चला. मग आवाज उतरला. पलीकडून नीट ऐकू येईना, मी दोनदा विचारलं.

"चिमीनं दोन गोष्टी सांगितल्यान. आयला म्हनावं सात घरची गोधरी पाठव. आनि तुमी शिकलेलं, त्या देवी डाक्टराला आमच्याकरं आना. आमच्या पाड्यावर अजून कोनालाच टोचलं नाय."

मी हो म्हणालो. शिकलेलं म्हटलं की माझ्या तोंडून लगेच हो निघतं.

आईला सांगितलं तर ती उठून उभी राहिली, जणू आत्ताच निघायचं आहे. ज्या बाईची मुलं जगत नाहीत तिच्या मुलाला स्वतःचं काही घालायचं नसतं. मुलं जगलेल्या सात घरांतून जुनं कापड मागून आणायचं, त्याची गोधडी करायची. मागायचं मामाने. अनवाणी, झोळी पसरून.

"आनि कापर धुवाचं नाय," आई म्हणाली. "धुतलं का त्या पोराचं आयुष्य वाहून जातं. मंग चिंध्यांशी काय करायचं?"

म्हणजे परवाच शिवलेल्या वहाणा घरात ठेवून मी गावभर भीक मागणार. ज्या सेठच्या कापडदुकानात मी हिशेब लिहितो, तिथे मला मुनीमजी म्हणतात.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

दाखला मिळाला. सही, शिक्का, माझं नाव नीट लिहिलेलं. लगेच अंबरनाथ स्टेशनापाशी देवी डॉक्टरच्या खोलीवर गेलो. बाहेर रांग, आत एक टेबल, बर्फाची पेटी, एक सायकल भिंतीला टेकलेली. डॉक्टर पन्नाशीचा, डोळे सुजलेले. बोलताना कागदावरून मान वर करत नाही.

"पाड्यावर केस आहे?"

"नाही. पण तान्हं मूल आहे. बारा दिवसांचं."

"तान्ही मुलं सगळीकडेच आहेत. केस असलेली गावं आधी, मग लाइनीलगतची, मग डोंगरातली. लस बर्फात येते, बर्फ कल्याणहून येतो, आणि मी एकटा आहे. तुमचा नंबर वैशाखात."

मी म्हटलं, केस झाल्यावर येऊन उपयोग काय? तेव्हा त्याने मान वर केली. चिडेल असं वाटलं होतं, पण चिडला नाही. म्हणाला, "हे तुम्ही मला सांगताय?" आणि पुन्हा लिहू लागला. अर्ज करा म्हणाला. मी तिथेच पायरीवर बसून अर्ज लिहिला. सुरेख झाला. विनंती विशेष हा शब्द दोनदा आला आहे, पण चालेल.

२५ फेब्रुवारी, रविवार

आज मागायला सुरुवात केली. गोमाकाका पहिले. त्यांची नऊ मुलं, नऊही जिवंत, म्हणून आईने तिथून सुरुवात करायला सांगितलं. झोळी पसरली तर काका ओट्यावरून खाली येईपर्यंत हसले. "सेठचा कारकून भिकंला लागला रं! आता इंग्रजीत माग!" मग आत जाऊन त्यांनी धाकट्याचं धोतराच्या कापडाचं दुपटं आणलं, माझ्या झोळीत घातलं, आणि झोळीला हात लावून नमस्कार केला. 

दुसर्‍या घरातून हिरव्या लुगड्याचा तुकडा, तिसर्‍यातून झबलं. चौथ्या घरातल्या बाईने मला अंगणातच थांबवलं. आमच्या दारावरची फुली तिला दिसते. तिने कापड काठीच्या टोकाला अडकवून लांबून दिलं. मला राग आला. आईला सांगितलं तर म्हणाली, "दिलं ना? मंग झालं."

तळपायाला दोन काटे. वहिनीने सुईने काढले.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

महिन्यानंतर कामावर गेलो. सिंधी निर्वासितांच्या कॅम्प एकच्या तोंडाशी टेबल मांडलंय. शर्टाची बाही वर करून दंड दाखवायचा आणि आत जायचं. पुढे सगळं होतं तसंच, फक्त हळू. पापडवाल्या बायका एकमेकींपासून हातभर लांब बसलेल्या. सिनेमाला कुलूप. टेकचंद सेठचं कापडाचं दुकान अर्ध्या फळ्या काढून उघडं होतं.

सेठने मला पाहिलं आणि गादीवरून उठला. "आओ मुनीमजी, जिंदा हो?" मग माझा दंड स्वतः पाहिला, टेबलावरच्या माणसावर त्याचा विश्वास नाही. दुपारी त्याला गोधडीचं सांगितलं. वाटलं हसेल. त्याने नवं मलमल काढलं, वारभर फाडायला निघाला. म्हटलं, सेठ, नवं नको, वापरलेलं पाहिजे, जगलेल्या मुलाचं. त्याने कात्री खाली ठेवली. मग मागच्या बाजूला राहत्या बराकीत घेऊन गेला.

त्याच्या बायकोला सगळे अम्मा म्हणतात, ती सगळ्यांना पुट, म्हणजे बेटा. मी वहाणा काढल्या आणि झोळी पसरली. तिने पेटीच्या तळातून एक फ्रॉक काढला, निळा, कोपराशी ठिगळ.

"ले पुट. मेरी नीतू का है. कराची से जहाज में यही पहन के आई थी. दूसरे दो नहीं आए."

सेठ बाहेर बघत होता. मला हे माहीत नव्हतं. तीन वर्षं त्याच्याकडे काम करतोय.

अम्माने विचारलं, धोके दूँ? मी नको म्हणालो.

३ मार्च, शनिवार

अर्जाचं काय झालं विचारायला गेलो. अर्ज सापडला नाही. दुसरा लिहिला. या वेळी विनंती विशेष एकदाच.

सहावं कापड आज मिळालं, बदलापूरच्या भाजीवालीकडून, बाजारात. तिची मुलगी समोरच बसून मुळा खात होती. आता एक राहिलं. आई म्हणते सातव्याची काळजी नको.

४ मार्च, रविवार

सातवं कुठून येणार ते आज कळलं.

आईने कणगीत हात घातला, खांद्यापर्यंत, आणि भातातून बाळाची बंडी बाहेर काढली. पिवळी, बटणं नसलेली. आजारात बाळाच्या अंगात हीच होती. पाठीवर अजून डाग आहेत, आणि शिवणीत भुशासारखं काहीतरी.

खपल्या गेल्यावर इन्स्पेक्टर आला होता. अंथरूण, पांघरूण, अंगातले कपडे सगळं अंगणात आणा म्हणाला. आईने चटई दिली, गोधडी दिली, फाटकं धोतर दिलं, आणि बंडी म्हणून भलतीच एक चिंधी टाकली. त्याने रॉकेल ओतून जाळलं आणि कागद पुढे केला, घरातील सर्व वस्तू जाळल्या आहेत. सही मी केली. मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं.

"आय, ही जाळायची होती."

"का म्हनून? देवी या कापरावर म्हैनाभर बसली. बसली आनि पोराला सोरून गेली. चिमीच्या पोरीला याच्याहून मोठं काय देशील तू?"

"डॉक्टर म्हणतात कपड्यांतून—"

"डाक्टर चिमीकरं जातो का?"

 दोन अर्ज लिहिले, एक हरवला. मी म्हटलं निदान उकळत्या पाण्यात बुडव. आई माझ्याकडे अशी बघायला लागली जणू मी पोरीचं वाईट चिंततोय. मग मी बंडी उन्हात टाकली, कौलांवर. ऊन लागलं की सगळं मरतं असं गुरुजी सांगत. तासाभराने बघतो तर आईने काढून नेलेली.

दादाला विचारलं. तो काडेपेटीच्या कारखान्यातून आला होता, हाताला काड्यांच्या गुलाचा वास. म्हणाला, "बाळा जगला ना? मंग आयला कशाला नडतोस." वहिनी कणगी झाकत होती. ती बंडीकडे बघतच नव्हती.

६ मार्च, मंगळवार

शिवरात्र. देवळाकडे जाणार्‍या वाटेवर पोलीस. जत्रा नाही. चार जणांना एका वेळी आत सोडत होते. मी दर्शन घेतलं आणि चिमीच्या मुलीसाठी मागितलं. मनात बंडी येत होती. खपल्या पडून तीन आठवडे होतील. भातात पुरून ठेवली होती, भातात तर आंबासुद्धा टिकतो. हे आठवून बरं वाटलं, मग का बरं वाटलं ते कळेना.

९ मार्च, शुक्रवार

गोधडी पुरी झाली. आई आणि वहिनी तीन दिवस टाके घालत होत्या. मला शिवणातलं कळत नाही, पण सुंदर आहे. कडेला हिरवं लुगडं, एका कोपर्‍यात नीतूचा निळा फ्रॉक, आणि मधोमध, आतल्या अंगाला, पोरीच्या छातीशी येईल अशी बाळाची पिवळी बंडी. आईने ती उशाशी घेऊन झोप काढली. म्हणाली, ऊब बघत होते.

आता ती न्यायची कशी? हुकूम मीच वाचला होता.

११ मार्च, रविवार

लिहायला बसलोय, पाय दुखतायत, पण आज मी खूष आहे.

युक्ती मीच काढली. दुकानातून जाडा कागद आणला, गोधडी चौकोनी घडी घालून त्यात बांधली, सेठच्या दुकानाची सुतळी, सेठच्या दुकानाची चिठ्ठी वर चिकटवलेली. बदलापूर स्टेशनाबाहेर टेबल होतं. शिपायाने विचारलं काय आहे? कापडाचा नवा माल, म्हटलं, दाखला दाखवला. त्याने काठीने गठ्ठा दाबून पाहिला आणि जा म्हणाला. आईची मान ताठ होती. पुढे वळणावर गेल्यावर ती हसत सुटली. मीही. किती दिवसांनी ती हसली.

मग एका बैलगाडीत आणि पुढे पायी. पळस फुललेत. करवंदवाडीवर बारा घरं, सगळी पोरं आम्हाला बघायला धावत आली, उघडी, गुबगुबीत. कुणाच्याही तोंडावर एक वण नाही. मी मुद्दाम बघितलं.

चिमी दारातच होती. वाळलीय. मी कागद सोडला, गोधडी उलगडली, तर तिने तोंड त्यात खुपसलं आणि बराच वेळ वर काढलंच नाही. मग एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारत गेली, हे कुनाचं, हे कुनाचं? नीतूचं सांगितलं तर म्हणाली, "समिंदर पार करून आलं?" पिवळ्या बंडीवर बोट थांबलं.

"ह्यो आपल्या बाळाचा?"

"हो."

"आयनं तोच दिला," ती म्हणाली, आणि तिचे डोळे वाहायला लागले. मला त्या वेळी वाटलं आई बरोबर होती आणि मी उगाच शिकलो.

पोरीचं नाव भिकी ठेवलं. मागून जगवलेली म्हणून. विठाबाईंनी, चिमीच्या सासूने, कानात नाव सांगितलं. मी मामा, मी तिला गोधडीत गुंडाळून पाळण्यात घातली. मूठभर आहे, पण माझं बोट धरलं तर सोडेना. शेवटी भावोजी म्हणाले, "दादा, मामाचीच ओढ लागली तिला."

निघताना चिमी म्हणाली, "डाक्टराचं बघतोस ना?" म्हटलं, उद्याच.

१२ मार्च, सोमवार

गेलो. डॉक्टर डोंबिवलीकडे. सायकल नव्हती.

१६ मार्च, शुक्रवार

भेटला. दुसरा अर्ज त्याच्यापुढे होता, त्याने वाचलाही होता. "अक्षर चांगलं आहे," म्हणाला. "पण केस असेल तरच येता येईल." मी म्हटलं, तिथे छत्तीस मुलं आहेत, एकाला टोचलेलं नाही, मी मोजून आलोय. त्याने छत्तीस आकडा अर्जावर लिहिला आणि त्याखाली रेघ मारली. यापलीकडे त्याच्या हातात काही नाही हे मला दिसत होतं. माझ्याही नव्हतं. 

२३ मार्च, शुक्रवार

होळी. बंदी उठली, सगळी. सिनेमा सुरू, शाळा सुरू, टेबलं गेली. सेठने दुकानाच्या सगळ्या फळ्या काढल्या आणि मला पेढे दिले. गावात होळीला एवढी माणसं जमली की नारळ टाकायला जागा मिळेना. बाळाला खांद्यावर घेऊन होळी दाखवली. त्याच्या गालाला ज्वाळेचा उजेड लागला की वण खोल दिसतात.

वहिनीने मला बाजूला घेऊन विचारलं, "भावजी, त्या बंडीचं... कायी नाय ना होत?" दोन आठवडे ती हे पोटात घेऊन होती. मी म्हणालो, काही नाही होत, ऊन दिलं होतं मी. ती हो म्हणाली. ऊन तासभरसुद्धा लागलं नव्हतं, हे तिला माहीत आहे. तीही त्या दिवशी अंगणात होती.

२७ मार्च, मंगळवार

भावोजी दुकानात आले. आता बंदी नाही, सरळ आत येता येतं. ते दाराशीच उभे राहिले. सेठने पाणी दिलं.

होळीच्या दिवसापासून भिकीला ताप. काल अंगावर बाया आल्या. बाया म्हणजे देवीच, तिकडे असंच म्हणतात.

"सोनाराकरं गेल्यावानी मोती दिसतात," ते म्हणाले. "तोंडावर, छातीवर. छातीवर लई."

छातीवर.

सेठने जायला सांगितलं, मी तसाच अंबरनाथला गेलो. रांग नव्हती. मी म्हणालो, करवंदवाडीला केस आहे. डॉक्टर ताबडतोब उठला. बर्फाची पेटी घेतली, टोपी घातली. महिनाभर जे जमत नव्हतं ते एवढ्यात झालं. मला त्याचा गळा धरावासा वाटला. पेटी माझ्या हातात देऊन तो दाराकडे धावला, म्हणून धरला नाही.

२८ मार्च, बुधवार

करवंदवाडीवरच आहे. डॉक्टरच्या कागदाच्या पाठी लिहितोय, घरी गेल्यावर वहीत चिकटवीन.

डॉक्टरने दिवसभर टोचलं. मी दंड धरत होतो. छत्तीस पोरं, मग मोठी माणसं. कोणी पळालं नाही. चिमीच्या दाराला कडुलिंब लावलाय, आत चूल थंड. भिकीचे डोळे चिकटलेत. रडत नाही, फक्त श्वास ऐकू येतो. चिमी कडुलिंबाच्या डहाळीने वारा घालते आणि गोधडी सारखी नीट करते.

संध्याकाळी डॉक्टरने फॉर्म काढला. चष्मा घामाने भरलेला, मला म्हणाला, तुम्हीच लिहा, अक्षर चांगलं आहे. नाव. वय, पंचेचाळीस दिवस. टोचलेले होते काय, नाही. मग रकाना, लागण कोठून आली.

"गेल्या महिन्यात बाहेरून कोण आलं इथे?"

"मी. माझी आई."

"तुमच्या घरची केस फेब्रुवारीतच बरी झाली. तुम्ही दोघंही धडधाकट. मग काही वस्तू आली? अंथरूण, कपडे?"

तो माझ्याकडे बघत होता. तीन पावलांवर चिमी पाळण्याशी बसली होती, पाठमोरी. तिचा हात थांबला असं मला वाटलं, कदाचित थांबला नसेल.

मी नाही म्हणालो.

रकान्यात माहिती नाही असं लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

३० मार्च, शुक्रवार

भिकी पहाटे गेली.

विठाबाई चिमीला म्हणाल्या, रडू नको, देवीनं नेली तिच्यामागं रडू नये. चिमी रडली नाही. भावोजी आणि मी नदीकाठी जाऊन आलो. छोटासा खड्डा, त्यावर करवंदीची काटेरी फांदी, कोल्ह्याने उकरू नये म्हणून.

१ एप्रिल, रविवार

डॉक्टर पुन्हा आला. बाकी कोणाला लागण नाही, लस वेळेत पोचली म्हणाला. छत्तीस पोरं वाचतील. हे त्याने मला बरं वाटावं म्हणून सांगितलं.

मग जाळायचं. भावोजींना जमेना, म्हणून मी केलं. पाळण्याचं फडकं, चटई, आणि गोधडी. रॉकेल ओतलं. डॉक्टर लांब उभा होता.

चिमी बाहेर आली. माझ्या दंडाला धरून हळू म्हणाली, डॉक्टरला ऐकू जाऊ नये म्हणून.

"दादा, बाळाचा तुकरा तेवरा काढून घे ना. पिवला. बाळाला देवी सोरून गेली, तो एकच चांगला त्यात. पुढल्याला लागंल."

काडी अजून ओढली नव्हती. पिवळी बंडी वरतीच होती, हात लांब केला असता तर आली असती. मी तिला सांगायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. तिच्या तोंडाकडे बघून ते पुन्हा मिटलं. सांगितलं तर तिला आई राहणार नाही, माहेर राहणार नाही, मीही राहणार नाही. आणि भिकी परत येणार नाही ती नाहीच.

मी काडी ओढली आणि बंडीवरच टाकली.

"अरारा," म्हणालो, "लागली गं. आता नाय निघत."

ती ज्वाळेकडे बघत राहिली. निळा फ्रॉक सगळ्यात शेवटी जळला.

"मंग परत मागशील ना? सात घरं?"

"मागीन," म्हणालो.

७ एप्रिल, शनिवार

पाडवा. गुढी उभारली. वहिनीने सकाळी ओल्या फडक्याने दारावरची चुन्याची फुली पुसून टाकली.  आईने पाहिलं आणि आत गेली.

भिकी आजारी पडल्यावर आई करवंदवाडीला आलीच नव्हती. भिकी गेल्यापासून तिने मला एक शब्द विचारला नव्हता. आज गुढीला कडुलिंब बांधताना विचारलं. डहाळी बांधायची थांबली नाही, माझ्याकडे बघितलं नाही.

"गोधरी शेवटपर्यंत अंगावर व्हती ना?"

मी काठी धरून उभा होतो. हात वर होते.

"होती, आय. शेवटपर्यंत."

"मंग बरं," आई म्हणाली. "पोर उघरी नाय गेली."